गोंगाटाचा नमुना

जुन्या ध्वनिमुद्रणातील खरखर संगणकाच्या साहाय्याने काढून टाकण्याची पद्धत समजावून सांगायला सोपी आहे. ज्या ठिकाणी कोणीही बोलत नाही असा एक-दोन सेकंदांचा तुकडा शोधायचा, तो निवडायचा आणि संगणकाला सांगायचे, की हा गोंगाट. असा जिथे जिथे आढळेल तिथून वजा कर. या तुकड्याला आमच्या विभागात 'नमुना' म्हणत. नमुना योग्य असेल, तर तीस वर्षांपूर्वी बोललेला माणूस काल बोलल्यासारखा ऐकू येतो. नमुना चुकीचा असेल, तर संगणक तक्रार करत नाही. त्याला जे दाखवले, ते तो गोंगाट मानतो आणि निष्ठेने पुसून टाकतो.

ही पद्धत मी विभागात अकरा वर्षे इतरांना शिकवली. एकोणीस वर्षांपूर्वी मी स्वतः निवडलेल्या एका नमुन्याविषयी मात्र परवाच्या शनिवारपर्यंत कोणाजवळ अवाक्षर काढले नव्हते.

बुधवारी सकाळी ताईचा फोन आला. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, अठ्ठ्याहत्तर पूर्ण. मेहुणे गेल्यापासून एकटी राहते. घराच्या पुढच्या खोलीत तिचे शिवणकाम चालते. अलीकडे नवे कपडे कमी, उसवणे-आटवणे जास्त. मशीन आईचेच, पायाने चालवायचे.

"साहेब, रविवारी वेळ आहे का?" तिने विचारले. मी तंत्रशाळेची पदविका घेतली त्या दिवसापासून ती मला साहेब म्हणते. त्यात आदर औषधालाही नाही.

"का गं?"

"मशीन जातंय. शिवणवर्गाच्या बाई येणार आहेत न्यायला. शेवटचं बघायचं असेल तर ये."

"जातंय म्हणजे? आणि तू काय करणार?"

"मी लेकीकडे. वर्षभर तिचं चाललंय, आई चल, आई चल. गेले आठ दिवस इथेच येऊन बसलीय. म्हटलं, जाऊ बाई एकदाची. दोन गिऱ्हाइकांची मापं उलटीपालटी केली मी. एकाच्या बाह्या दुसऱ्याला लावल्या. तो बिचारा हात वर करून उभा, जसा काही कोणी त्याला पकडायला आलंय."

"होतं असं."

"परवा इस्त्री चालू ठेवून बाजारात गेले."

"इस्त्री मीही विसरतो."

"तुझं वेगळं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं सगळं ठीक आहे. पण माझं मला ठाऊक ना! माझ्या डोक्याचा भरवसा काही आज नाही गेलेला."

"मग कधी गेला?"

"अरे, त्या टेपपासूनच की! जे मशीन टेपवर नव्हतंच, ते मला ऐकू येत होतं. तूच नाही का सगळ्यांना समजावून सांगितलंस? तेव्हाच ओळखायला हवं होतं मी, की हिचं काही खरं नाही." आणि ती हसली.

मीही हसलो.

ती टेप म्हणजे बाबांच्या आवाजाची. तंत्रशाळेच्या दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेतून आठवडाभरासाठी मी एक कॅसेट रेकॉर्डर घरी आणला होता. घरात सर्वांत बोलके बाबा. टपालाच्या वर्गीकरणात त्यांनी सारी नोकरी केली होती आणि त्या नोकरीतल्या हकिगती सांगायला त्यांना निमित्त लागत नसे. मी यंत्र त्यांच्यापुढे ठेवले. आईलाही बोलण्याचा आग्रह केला होता. ती म्हणाली, "मला काम आहे, तुमचं होऊ द्या," आणि मागे भिंतीकडच्या मशीनवर जाऊन बसली. एकतीस मिनिटांच्या त्या मुद्रणात बाबा बोलतात आणि मागे आईचे मशीन चालते. आईचा दुसरा कोणताही आवाज कधी कोणी मुद्रित केला नाही. घरात आवाजाचे शिक्षण घेतलेला मुलगा असताना केला नाही, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

पुढे मी ध्वनिसंपादक झालो. सुरुवातीची वीस वर्षे आमचे काम हाताचे होते. पाव इंची फीत यंत्राच्या 'हेड'वरून हाताने मागेपुढे सरकवायची, शब्द कुठे सुरू होतो ते कानाने पकडायचे, पिवळ्या पेन्सिलने खूण करायची, तिरक्या खाचेत फीत बसवून ब्लेडने छेद द्यायचा आणि दोन टोके चिकटपट्टीने जोडायची. कापलेला तुकडा गळ्यात अडकवून ठेवण्याची रीत होती. वरिष्ठांनी विचारलेच, तर तो परत जोडता येई. कधी कधी आम्ही कोणाचे तरी 'पण' आणि 'तथापि' गळ्यात घालून जेवायला जात असू.

मग संगणक आले. दोनच आले, एका थंड खोलीत. पडद्यावर आवाजाचा आलेख दिसे. श्वास कुठला आणि शब्द कुठला, हे पाहून कळे. आणि सर्वांत मोठे आश्चर्य म्हणजे केलेली चूक मागे घेण्याची कळ. ब्लेडवर आयुष्य काढलेल्या आम्हा लोकांना त्या कळीने वेड लावले. छेद देण्यापूर्वी श्वास रोखून धरणारे हात सैल झाले. फाइल बंद केल्यावर ती कळ काहीच परत देत नाही, ही गोष्ट कळायला थोडा वेळ गेला. शिवाय तेव्हाच्या साठवणीत जागा इतकी कमी असे, की काम पूर्ण झाले की कच्चा आवाज पुसून टाकण्याचा नियम होता. ज्या फितींवरून आवाज संगणकात घेतला, त्या दर शुक्रवारी एका जड विद्युतचुंबकावर फिरवून कोऱ्या केल्या जात. त्या खोलीला आम्ही धोबीघाट म्हणत असू आणि त्या कामाला 'टेप धुणे'. माझी टोपली नेहमी वेळेवर जात असे. तसा माझा लौकिक होता.

आई गेल्यावर दोन वर्षांनी बाबा गेले. नातेवाइकांनी त्यांच्या आवाजाची प्रत मागितली. मी कॅसेट कार्यालयात नेली आणि दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत तिच्यावर काम केले. माझ्या त्या वर्षीच्या कामाच्या वहीत नोंद आहे: 'पार्श्वभूमीस शिलाई मशीनचा खडखडाट, जवळजवळ अखंड. व्यत्यय. काढणे.' सुरुवातीला बाबा घसा खाकरण्यापूर्वी अडीच सेकंद नुसते मशीन चालते. तो तुकडा मी नमुना म्हणून दिला. एका फेरीत पुरते जाईना, म्हणून तीन फेऱ्या केल्या. म्हणजे तो आवाज मला ओळखू आला नाही, असा बचाव मला उपलब्ध नाही. ओळखून, नाव लिहून मी तो काढला.

दोन दिवसांनी माझ्या घरी चौदा जण जमले. मी सीडी लावली. बाबा खोलीत आल्यासारखे बोलू लागले. काका डोळे पुसत म्हणाले, "कमाल केलीस रे! जिवंत उभा केलास माणूस." मेहुणे ध्वनिवर्धकाच्या मागे जाऊन पाहून आले. मला फार बरे वाटत होते. तेवढ्यात ताई म्हणाली,

"आई कुठंय?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"अरे, मागे मशीन होतं ना चालू? आई शिवत होती की! कुठे गेलं ते?"

'मी ते काढले' हे वाक्य माझ्या जिभेवर होते. पण त्याच्या मागोमाग 'मग मूळ टेप आण' हे वाक्य येणार, हेही मला दिसत होते; आणि आदल्या शुक्रवारी कार्यालयाच्या फितींबरोबर ती कॅसेट मीच सवयीने टोपलीत टाकली होती. मी म्हणालो, "टेपवर मशीन नव्हतं, ताई. भास आहे तुझा." तेवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित ती वाद घालती. पण मी शास्त्र सांगितले. लहानपणापासून ऐकलेला आवाज मेंदू आपण होऊन भरून काढतो, जुनी खोली आठवली की तिचा आवाजही ऐकू येतो, असे पाच-सात मिनिटे सोदाहरण समजावले. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. फक्त तिला लागू नव्हता.

ताईने माना डोलावणाऱ्या सगळ्यांकडे पाहिले आणि म्हणाली, "असेल बाई. तुला त्यातलं कळतं."

त्यानंतर 'ताईचं मशीन' हा आमच्या घराण्यात एक शब्दप्रयोगच झाला. कोणी म्हणाले, दार वाजले का रे, की दुसरा म्हणे, ताईचं मशीन असेल. हे मी एकोणीस वर्षे ऐकत होतो, आणि एक-दोनदा तर स्वतःही म्हटले होते.

बुधवारी दुपारी मी माझ्याजवळची सीडी काढून संगणकावर घेतली. आताची साधने त्या काळच्या मानाने अद्भुत आहेत. गर्दीतला एक आवाज वेगळा काढून देतात. मला वेडी आशा होती, की तीन फेऱ्यांनंतरही काहीतरी तळाशी उरले असेल. उरले होते, पण मशीन नव्हे. बाबांच्या शब्दांच्या कडांना पाण्याखालच्या बुडबुड्यांसारखे काहीतरी गुळगुळत होते. वजा केलेल्या आवाजाची ती भोके होती. भोकांवरून कापड विणता येत नाही.

त्या वेळी फोन उचलून ताईला सगळे सांगणे, एवढाच सरळ मार्ग होता. मी तो सोडून दुसरा शोधला. ताईला पटवायचे होते, की तिचे कान खरे होते. मग पुरावाच दाखवला तर? 'जुनी प्रत सापडली, नव्या तंत्राने तपासली, आणि काय सांगू, मशीन निघाले!' असे म्हटले की तिचा भरवसा तिला परत मिळेल आणि माझी पत माझ्याकडे राहील. खरी गोष्ट मला सांगायची होती. फक्त माझ्या सोयीच्या खोट्या पुराव्यासह.

गुरुवारी मी आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलो. त्याच्याकडे एक जुने पायमशीन आहे.

"काका, काय शिवायचंय?"

"काही नाही. नुसतं चालवा थोडा वेळ. मला आवाज हवाय."

त्याने चष्मा कपाळावर चढवला. "आवाज? शर्ट-पँट काही नको, आवाज?"

"हो."

"शिवून देऊ, की घालूनच जाता?" तो म्हणाला, आणि आतल्या कारागिराला ओरडून सांगितले, "अरे, काकांचं माप घे, आवाजाचं!" मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "पण काका, कापडाशिवाय चालवलं तर आवाज पोकळ येतो. थांबा, चिंधी घालतो."

त्याने जाड कापडाची दुहेरी घडी सुईखाली घातली आणि तीन-तीन मिनिटांच्या चार फेऱ्या मला मुद्रित करू दिल्या. मी फोन भिंतीपासून हातभर अंतरावर धरला होता, कारण आमच्या जुन्या खोलीत रेकॉर्डर तसाच होता. आभार मानून निघताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी बटणं लावून देतो."

शुक्रवारचा दिवस मी संगणकापुढे काढला. वरच्या पट्ट्या छाटून आवाज जुन्या कॅसेटसारखा बोथट केला, खाली बारीक सूऽऽ अशी खरखर घातली, फीत किंचित ओढल्यासारखी लय डळमळवली, बाबांचा आवाज चढतो तिथे मशीन एक पायरी खाली उतरवले. जोड कुठेही दिसत नव्हता. सांगायला लाज वाटते, पण मला त्या कामात आनंद झाला. निवृत्तीनंतर इतक्या मन लावून मी काहीच केले नव्हते. संध्याकाळी डोळे मिटून ऐकले, तेव्हा मलाही क्षणभर आईच मागे बसल्यासारखी वाटली.

शनिवारी दुपारी मी ताईच्या घरी गेलो. भाची मागच्या खोलीत खोकी भरत होती. "मामा, बरं झालं आलास. आईला जरा सांग, रिकाम्या रिळांचा डबा बरोबर न्यायचा नाही म्हणून," ती आतून म्हणाली.

"रिकामी नाहीत ती," ताई पुढच्या खोलीतून ओरडली. "थोडा थोडा दोरा आहे प्रत्येकाला."

ती मशीनपाशीच बसली होती. मशीनचे झाकण लावलेले आणि झाकणावर तिचे दोन्ही हात. मी ठरवून आणलेले वाक्य म्हटले, की जुनी प्रत सापडली, नव्या साधनाने तपासली आणि मला वाटते, तुझेच बरोबर होते. मी लॅपटॉप उघडून झाकणावर ठेवला आणि आवाज सुरू केला.

मशीनची घरघर सुरू झाली, बाबांनी घसा खाकरला. ताईने डोळे मिटले. थोड्याच वेळात तिचा पाय मशीनच्या पट्टीवर गेला आणि आवाजाबरोबर हलू लागला. झाकण बंद असल्यामुळे चाक फिरत नव्हते. नुसताच पाय वरखाली होत होता. मनात म्हटले, सुटलो.

साताठ मिनिटांनी पाय थांबला.

"बंद कर," ताई म्हणाली. मी बंद केले. "कुणाचं मशीन आहे हे?"

"आईचं," मी म्हणालो. हा आकड्याने कितवा खोटेपणा, हे मी मोजले नाही.

"थोडं मागे घे. बाबा बढतीचं सांगतात ना, तिथपर्यंत."

मी घेतले. बाबा रंगात येऊन सांगत होते, की साहेबांनी स्वतः बोलावून बढती देऊ केली आणि आपण ती मित्रासाठी सोडली. मागे मशीन एका लयीत चालले होते.

"बघ. चालूच आहे."

"मग? शिवतेय आई."

"अरे, बाबा थाप मारायला लागले की आई मशीन थांबवायची! कधी नाही लक्षात आलं तुझ्या? तोंडानं एक शब्द बोलायची नाही. नुसता पाय उचलायची. थाप संपली की परत सुरू. बढती त्यांनी सोडलीच नव्हती, मिळालीच नव्हती त्यांना. इथे मशीन बंद होतं. चांगली तीन-चार वाक्यं बंद होतं. मला पक्कं आठव..."

आणि बोलता बोलता ती अडखळली. इतका वेळ तिच्या तोंडावर जी तरतरी होती, ती माझ्यादेखत विझली. दोन्ही हात मांडीवर घेऊन, हळू आवाजात, खरोखरच माझ्याकडून उत्तर हवे असल्यासारखे तिने विचारले,

"का हाही भासच म्हणायचा माझा?"

मी माझ्या वहीत लिहिले होते, 'जवळजवळ अखंड'. त्या 'जवळजवळ'मध्ये काय होते, हे आवाजाचे शिक्षण घेतलेल्या मला बावन्न वर्षे कळले नव्हते. आणि ज्या बाईला मी भास झाल्याचे सिद्ध करून दिले होते, तिला ते वाक्यागणिक पाठ होते. आता हो म्हटले असते, तर आणलेला पुरावा खरा ठरला असता आणि तिचे उरलेसुरले डोकेही मी माझ्या हाताने पुसले असते.

"भास नाही," मी म्हणालो. "तुझं बरोबर आहे. तेव्हाही बरोबर होतं. टेपवर मशीन होतं. साफसफाईत ते पुसलं गेलं."

"पुसलं गेलं?"

"म्हणजे काढलं गेलं. त्या वेळची पद्धतच अशी होती, की..."

"पद्धत नाही विचारली मी, साहेब. कोणी पुसलं?"

"मी."

"चुकून?"

"नाही. मशीन आहे हे कळत होतं मला. वहीत तसं लिहिलंय. मला वाटलं, बाबांचा आवाज स्वच्छ ऐकू यावा."

"आणि मूळ टेप?"

"ती धुतली गे... मी धुतली. तुम्ही सगळे जमलात त्याच्या आधीच. तू विचारलंस तेव्हा ती नव्हती. म्हणून मी म्हटलं, भास."

ताईने लॅपटॉपकडे बोट केले. "मग हे काय?"

"आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याचं मशीन."

ती खो खो हसत सुटली. "शिंपी! बाबांच्या मागे शिंपी बसवलास?" हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांना पाणी आले. भाची हातात चिकटपट्टी घेऊन धावत बाहेर आली.

"काय झालं? आई? मामा, काय झालं हिला?"

"मला नको विचारू," ताई पदराने डोळे पुसत म्हणाली. "मामाला विचार. सांग रे, आता मला सांगितलंस ते सगळं सांग हिला. आणि 'गेलं'बिलं नको. सरळ सांग."

एकदा सांगणे मला जमले होते. दुसऱ्यांदा सांगणे फार कठीण गेले. भाची लहान असल्यापासून तिला शाळेच्या प्रकल्पात मदत करणारा, घरातला शहाणा माणूस मी. तिच्यासमोर उभे राहून मी सगळे क्रमाने सांगितले. कॅसेट कधी नेली, काय लिहिले, काय पुसले, काय म्हणालो आणि आज काय करायला आलो होतो. भाचीने चिकटपट्टीचे टोक शोधून काढले आणि परत हरवले.

"म्हणजे," ती शेवटी म्हणाली, "आम्ही सगळे एवढी वर्षं 'ताईचं मशीन, ताईचं मशीन' म्हणून..."

"तू पण म्हणायचीस," ताई म्हणाली. तिचे हसू आता पूर्ण ओसरले होते. ती माझ्याकडे वळली. "तुला माहीत आहे, ती तुझी सीडी मी किती वेळा लावली? दार लावून घ्यायचे, कान टेकवून बसायचे. मशीन ऐकू आलं नाही की म्हणायचे, चला, आज बरी आहे मी. आज भास नाही. आई ऐकू आली नाही याचं मला बरं वाटायचं. कळतंय का तुला, काय केलंस ते?"

क्षमा मागण्याचे शब्द मी घरून निघताना तयार केले नव्हते, कारण ते लागणार नाहीत अशीच सारी योजना होती. आयत्या वेळी जे सुचले, ते इतके नीटनेटके होते, की ते तोंडातून बाहेर काढण्याची मला शरम वाटली. खाली मान घालून मी लॅपटॉपवरची ती फाइल शोधली आणि विचारले, "ही पुसू?"

"पुसायची फार घाई असते तुला," ताई म्हणाली. "राहू दे. शिंप्यानं काय वाईट केलंय?"

मग ती भाचीला म्हणाली, "त्या वर्गाच्या बाईंना फोन कर. म्हणावं, मशीन नाही मिळायचं."

"आई, पण इस्त्री? आणि ती मापं?"

"इस्त्री मी विसरले. मापं मी चुकवली. ते माझंच, ते कोणाच्या अंगावर नाही ढकलायची मी. त्याचं काय करायचं ते तू नि मी बसून ठरवू. हवं तर तुझ्याकडे येते, मशीन घेऊन येते. पण कुठलं माझं चुकलं आणि कुठलं मला चुकलं म्हणून सांगितलं, हे मला आता एकदा वेगळं करून बघायचंय." तिने लॅपटॉप उचलून माझ्या हातात दिला, झाकण काढले आणि मशीन उघडे केले. भाची फोन घेऊन आत गेली.

मीही उठू लागलो.

"तू कुठे चाललास? बस." तिने समोरच्या स्टुलाकडे मान वळवली. "दुसरं सांग."

"दुसरं काय?"

"'तुझा भास आहे, ताई.' हे तू मला एकदाच म्हणाला नसशील. तुझ्या तोंडात बसलेलं होतं ते वाक्य. मला ते एवढ्या वर्षांनंतरही तुझ्या आवाजात ऐकू येतं, आणि तो काही मेंदू भरून काढत नाही."

"नाही गं. एवढंच."

"नीट आठव. मला घाई नाही."

ती बॉबिनवर दोरा भरू लागली. मी स्टुलावर बसलो. खरोखरच काही आठवत नव्हते, आणि जे आठवत नव्हते त्याचेच भय वाटत होते. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली,

"बरं, मी विचारते. आईची मोठी कात्री. मी बेतायला शिकत होते तेव्हाची. एक दिवस तिची धार गेली. आई म्हणाली, तूच कागद कापलेस तिनं. महिनाभर मला कात्रीला हात लावू दिला नाही. मी म्हणत होते, मी नाही कापले. आणि तू म्हणालास, ताई, तू परवा पतंगी कागद कापत होतीस, विसरलीस का? मला काही आठवेना. पण तू इतक्या ठामपणे म्हणालास, की शेवटी मलाही ते कागद दिसायला लागले. लाल होते. अजून दिसतात." तिने दोरा दाताने तोडला. "कात्री कोणी बोथट केली?"

आत भाची फोनवर कोणाची तरी समजूत घालत होती. ताईने आता मान वर केली होती.

"मी केली," मी म्हणालो. "तंत्रशाळेतून फितीचे तुकडे आणले होते. कापायचा सराव करत होतो."

तिने मान हलवली, बॉबिन जागेवर बसवले आणि चाकावर हात ठेवला.

"पुढचं," ताई म्हणाली.